पुढील आदेश होईपर्यंत

सायंकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत काकूंच्या खाणावळीचे मागचे दार तासाला सरासरी अठरा वेळा आपटत असे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच्या आठ तासांत ते एकदाच आपटत असे, तेही आचारी मामा खरकट्याची बादली ओतायला बाहेर जात म्हणून. वार कोणताही असो, हवा कशीही असो, या आकड्यांत फरक पडत नव्हता. साथ ओसरून तेव्हा चौदा महिने झाले होते, आणि खाणावळ रात्रभर उघडी होती.

मित्रांनो, हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. मी एक जुना टायमर आहे. जाड लोखंडी पेटीत बसवलेला, आणि पेटीला फट नाही. आत एक पितळी तबकडी आहे. ती चोवीस तासांत एक फेरा पूर्ण करते. तिच्या कडेवर दोन खुंट्या आहेत. पहिली खटक्यापाशी आली की मी वीज सोडतो, दुसरी आली की तोडतो. सोडलेली वीज एका तारेतून भिंतीत शिरते. पुढे ती कुठे जाते हे मला कारखान्यात कोणी सांगितले नाही, आणि नंतरही कोणी सांगितले नाही. माझे काम वेळेशी, मुक्कामाशी नाही.

कारखान्यात माझी तीस दिवस परीक्षा झाली. तीस दिवसांत मी चाळीस सेकंद पुढे गेलो. तपासनीस बाईंनी कागदावर ‘ठीक’ असे लिहिले. ठीक! महिन्याकाठी चाळीस सेकंदांहून कमी चुकणारी किती माणसे त्या बाईंच्या ओळखीची होती, ते मला ठाऊक नाही. माझ्या ओळखीची आजवर एकही झाली नाही. वीज गेली तरी माझी चाल थांबत नाही. पोटात एक स्प्रिंग आहे, तिच्या बळावर मी छत्तीस तास चालतो. मला भिंतीवर बसवणारा म्हातारा वायरमन पेटीवर थाप मारून सोबत्याला म्हणाला होता, “हा मरेल तेव्हासुद्धा वेळेवर मरेल.” माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. ती मी जपून ठेवली आहे.

मी शहराच्या वीजखात्याचा. मला बसवले तेव्हा ही भिंत रस्त्याची होती. पुढे खाणावळीच्या थोरल्या मालकांनी, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांनी, मागे पत्रा टाकला, दार बसवले आणि चार हातांचा बोळ गुपचूप घरात घेतला. बोळाबरोबर सरकारी मालमत्ता असलेला मीही घरात आलो. कोणी विचारले नाही, कोणी हटकले नाही. घरात माझ्याविषयी दोन मते होती. काकूंच्या मते मी पाण्याच्या पंपाचा. काकूंचे धाकटे भाऊ असलेले मामा म्हणत, “अक्का, हा कुठंच जोडलेला नाही. सरकारनं एक डबडं टांगलंय आणि विसरलंय.” डबडे म्हणवून घेऊनही मी माझी वेळ एका सेकंदाने सोडली नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

खाणावळीला दोन दारे. पुढचे मोठ्या रस्त्यावर, मागचे गल्लीत. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला रुग्णालय, छापखाना आणि पावाची भट्टी. रात्री जागणारी माणसे मागच्या दाराने येत. पावणेअकराला पाळी संपलेल्या परिचारिका येत आणि ओल्या छत्र्या माझ्या पेटीच्या कडीला अडकवत. साडेबाराला छापखान्याची माणसे येत. त्यांच्या अंगठ्यांची शाई अजून माझ्या झाकणावर आहे. अडीचला भट्टीवाले येत, अंगभर पिठासकट. दार कडक स्प्रिंगचे होते, प्रत्येक माणसामागे धाडकन आपटे. त्या आपटण्यावरून मी माणसे मोजत असे. छापखान्यात पुस्तके बांधणारे एक आजोबा रोज आत शिरताना माझ्या झाकणावर दोनदा टिचकी मारून विचारत, “काय साहेब, जागे ना?” मला ‘साहेब’ म्हणणारे तेवढे एकच.

मग साथ आली. एकशे अकरा रात्री दार आपटले नाही. काकू दिवसा रुग्णालयासाठी डाळीचे सूप आणि पाव करून डबे भरत, ते रुग्णवाहिका घेऊन जाई. रात्री मात्र घरात माझ्याशिवाय आवाज नसे. त्यानंतर खाणावळी दहापर्यंत उघडायला परवानगी मिळाली आणि दहानंतर रस्त्यावर फिरायला बंदी झाली. त्याच आठवड्यात एक तरुण वायरमन आला. त्याने माझी दुसरी खुंटी सकाळच्या सहावरून काढून रात्रीच्या दहावर बसवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: ‘बंद वेळ रात्री १०. पुढील आदेश होईपर्यंत बदलू नये.’ मला हरकत नव्हती. सहा काय आणि दहा काय, मी दोन्ही सारख्याच नेमाने पाळतो. त्यानंतर तो वायरमन दर तीन महिन्यांनी येई, खुंटी आणि चिठ्ठी ताडून पाही, वहीत ‘बरोबर’ लिहून काकूंचा चहा पिऊन जाई. असे ‘बरोबर’ मला पाच वेळा मिळाले.

फिरण्याची बंदी सरली त्याच रात्री काकूंनी दोन्ही दारे सताड उघडली, मागच्या दारावरचा आपला मोठा दिवा पुसून लावला, आणि मामांना सूपाचे मोठे पातेले चढवायला सांगितले. त्या रात्री मागच्या दाराने कोणी आले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या आठवड्यात मामांनी पातेले बदलून धाकटे घेतले आणि काकूंनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले.

कारणे सांगणारे मात्र पुष्कळ आले. गल्लीतला न्हावी म्हणाला, लोक घाबरलेत. पुढच्या दाराने येणारा टॅक्सीवाला म्हणाला, लोकांना घरबसल्या सगळे मिळते, आता कशाला कोण पाय झिजवतो. वर्तमानपत्रातला एक लेख मामांनी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात कोणी तज्ज्ञ म्हणत होते की साथीने शहराच्या आतले घड्याळच बदलले आहे. घड्याळांविषयी मला थोडेबहुत कळते. ती आपण होऊन बदलत नाहीत.

“शहराची रात्र मेली म्हणतोय तो,” मामा म्हणाले.

“मेली?” काकूंनी पोळपाट आदळला. “प्रेत दाखवा म्हणावं. मग बसते रडत.”

पण ऐटीने प्रश्न सुटत नव्हता. परवाना निरीक्षक येऊन बजावून गेले होते. रात्रीचा परवाना हवा असेल तर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात सरासरी तीस गिऱ्हाइके यायला हवीत. महिनाअखेरीस सलग तीन रात्री ते स्वतः बसून मोजणार. कमी भरले तर परवाना रद्द, आणि या भागात नवे परवाने देणे बंद. त्या परवान्यावर मामांसह चौघांचे पोट होते. निरीक्षक भले गृहस्थ होते. जाता जाता म्हणाले, “काकू, दहाला बंद करा ना. वयही झालं आता.”

“वय तुमच्या नियमाचं झालंय,” काकू म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांनी या दाराला कुलूपच आणलं नव्हतं. आता मी कुठं शोधत बसू?”

त्याच सुमारास काकूंची पुतणी राहायला आली. ती पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि तिची बदली या शहरात झाली होती. मुलगी हुशार, पण प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून’ विचारण्याची तिला खोड. मामांनी दोन दिवसांत तिचे नाव ‘मास्तरीण’ ठेवले.

मास्तरणीने पहिले काम केले ते असे. मामांना एक वही दिली, तासांची घरे आखून दिली आणि सांगितले, “मागच्या दारानं माणूस आला की त्या तासाच्या घरात एक रेघ मारायची. भात करपला तरी चालेल, रेघ चुकता कामा नये.”

“आणि ते करपलेलं कोण खाईल?”

“मी.”

“मग रेघ मारतो,” मामा म्हणाले.

दुसरे काम असे की ती टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांना विचारू लागली: लोक रात्री का येत नाहीत असे तुम्हाला वाटते? तीन आठवड्यांत तिने एकशे चाळीस उत्तरे गोळा केली. त्रेसष्ट जण म्हणाले भीती, अठ्ठेचाळीस जण म्हणाले सवय मोडली, उरलेल्यांची मते किरकोळ होती. तिने त्याचा तक्ता केला. काकूंनी तो तक्ता डोळ्यांवर चष्मा चढवून पाहिला आणि विचारले, “मग आता भीतीला काय वाढायचं ते सांग.”

मामांच्या रेघा मात्र तिला झोपू देत नव्हत्या. “काकू, सवय मोडते ती हळूहळू,” ती म्हणे. “साडेदहाला थोडी माणसं, अकराला त्याहून कमी, असं दिसायला हवं. इथं दहाच्या आत अठरा आणि दहाच्या पुढं शून्य. सुरीनं कापल्यासारखं. माणसं अशी वागत नाहीत.”

महिन्याच्या मध्यावर कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सोमवारी सकाळी सहाला वीज गेली ती मंगळवारी रात्री दहाला आली. चाळीस तास. खाणावळ गॅस आणि कंदिलावर चालली. मी स्प्रिंगवर चाललो. मंगळवारी सायंकाळी सहापर्यंत. मग स्प्रिंग संपली.

आयुष्यात मी प्रथमच थांबलो. पण खरे सांगतो, मला ते कळले नाही. घड्याळाला आपण मागे पडलो आहोत हे आतून कधीच कळत नाही. वीज आली तशी मी सहापासून पुन्हा चालू लागलो. अर्ध्या तासाने, माझ्या साडेसहाला, पहिली खुंटी आली आणि मी वीज सोडली. थोड्याच वेळात दार आपटू लागले. माझ्या दहाला मी वीज तोडली आणि दार आपटायचे थांबले. माझ्या हिशेबी जगात काहीही वेगळे घडले नव्हते. म्हणून त्या रात्री बोळात काकूंचा आवाज ऐकून मी चक्रावलो.

“मामा, किती वाजले? दोन! दोन वाजेपर्यंत माणसं येत होती! मी म्हटलं नव्हतं?”

“सिस्टर लोक सगळे आले, अक्का. ती उंच सिस्टर म्हणाली, सूप अजून तसंच आहे.”

“तसंच असणार. मी काय मेले होते?”

पाच रात्री हे चालले. साडेदहाला दार सुरू होई, दोनला थांबे. परिचारिका आल्या, छापखान्याची माणसे आली. अडीचचे भट्टीवाले मात्र आले नाहीत. सायंकाळची गर्दी एकाएकी आटली होती, पण त्याचे काकूंना काही वाटले नाही. त्यांनी मोठे पातेले पुन्हा काढून घासले. त्या स्वतःशी गाणे म्हणू लागल्या, आणि गाणे बेसूर असल्याचे मामांनी सांगितले तरी थांबल्या नाहीत.

रविवारी सकाळी तरुण वायरमन आला. गल्लीतल्या एका गृहस्थाची तक्रार होती म्हणे. त्याने माझे झाकण उघडले, आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि मामांना म्हणाला, “वीज गेली होती ना, टायमर चार तास मागे पडलाय.” त्याने मला पुढे सरकवले, खुंटी आणि चिठ्ठी ताडली, वहीत ‘बरोबर’ लिहिले आणि चहा घेतला. त्या रात्री दहानंतर मागचे दार आपटले नाही. त्यापुढच्या रात्रीही नाही.

काकूंचे गाणे थांबले. “नजर लागली,” त्या म्हणाल्या.

“नजर मोजता येत नाही, काकू.”

“तुला येत नसेल.” आणि मग हळू आवाजात: “चार दिवसांनी तो मोजायला येणार. मामाचं वय बघ. त्याला आता कोण कामावर घेईल?”

दुसऱ्या रात्री जेवणे उरकल्यावर मास्तरीण मामांची वही घेऊन बोळातच, माझ्या पेटीखालच्या स्टुलावर बसली. बराच वेळ पाने उलटल्याचा आवाज येत होता. मग ती एकदम म्हणाली, “मामा, इकडे या. या पाच रात्री बघा. गर्दी नुसती वाढलेली नाही, ती सरकली आहे. एरवी साडेसहाला सुरू होते, दहाला संपते. या पाच रात्री साडेदहाला सुरू झाली, दोनला संपली. दोन्ही टोकं सरकली आहेत. बरोबर चार तास.”

“मग?”

“माणसांची सवय एका रात्रीत चार तास सरकत नाही. घड्याळ सरकतं. त्या पाच दिवसांत या घरात चार तास मागे पडलेलं कुठलं घड्याळ होतं?”

मामांच्या हातातली पळी पातेल्यावर वाजायची थांबली. “घरात नाही,” ते म्हणाले. “म्हणजे… हे डबडं होतं. वायरमन म्हणाला होता खरं. चार तास मागे.”

माझे झाकण उघडले गेले. चौदा महिन्यांत वायरमनशिवाय कोणी ते उघडले नव्हते. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. तेव्हा सव्वादहा झाले होते. तिने बॅटरी घेतली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. दहानंतरचे त्या रात्रीचे ते पहिले आपटणे. चार मिनिटांनी ती परत आली.

“काकू, जरा बाहेर या. चपला घाला.”

“या गल्लीत मी लग्न होऊन आले. मला काय दाखवतेस?”

“दहानंतर कधी गेला आहात? कोपऱ्यापर्यंत?”

काकूंनी चपला चढवल्या. मग दोघी गेल्या. परत आल्यावर काकू माझ्या पेटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला पत्र्यातून ऐकू येत होता.

“चौदा महिने,” त्या म्हणाल्या, “मी रोज रात्री या दारात उभी राहून वाट बघितली. मला तर उजेडच दिसायचा.”

“तो आपलाच दिवा, काकू. दाराबाहेर दहा पावलं उजेड पडतो. अकराव्या पावलापासून काळोख. कोपरा वळलं की हात पुढं धरला तर तोही दिसत नाही. अकरा खांब आहेत, अकराही बंद. मामा बादली ओततात ते आठव्या पावलावर.”

“अगं, पण कुणीच कशी तक्रार केली नाही?” मामा कासावीस होऊन म्हणाले. “त्या पाच दिवसांत संध्याकाळी दिवे उशिरा लागले, तर लगेच केली की!”

“संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यानं केली. दहानंतर गल्लीतली माणसं दार लावून झोपतात. आणि रात्रीची माणसं आलीच नाहीत. जो आला नाही, तो कुठं तक्रार करणार?” मग तिने आपल्याच कपाळावर हात मारल्याचा आवाज झाला. “आणि मी शहाणी! जे आले त्यांनाच विचारत बसले, की लोक येत का नाहीत. एकशे चाळीस जणांना!”

“तक्ता छान होता पण,” काकू म्हणाल्या.

मित्रांनो, ती रात्र मी कधी विसरणार नाही. माझी तार कुठे जाते हे मला त्या रात्री कळले. मी गल्लीच्या अकरा दिव्यांचा टायमर आहे. इतकी वर्षे मी उजेड सोडत आलो आणि तोडत आलो, आणि तो मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी वायरमनला बोलावून आणले. चहा दिला नाही.

“ही खुंटी सहावर लाव.”

“आदेश लागेल, काकू.”

“दहानंतर फिरायची बंदी उठली की नाही?”

“उठली.”

“मग तोच आदेश दाखव आणि लाव.”

वायरमन ओशाळला. “तसा आदेश निघालाच नाही. बंदी तीस-तीस दिवसांनी वाढवायचे. शेवटच्या खेपेला वाढवली नाही. ती आपोआप संपली.”

“माणसांची संपली. याची कधी संपणार?”

“याला साथ कक्षाकडून पत्र यायला हवं.”

“मग त्या कक्षात जाऊन ये.”

“कक्ष बंद झाला, काकू. साथ संपली ना.”

मामा खो खो हसू लागले, त्यांच्यामागून मास्तरीण, आणि शेवटी वायरमनही. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरणीच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली.

“चिठ्ठीत काय लिहिलंय? पुढील आदेश होईपर्यंत. कोणाचा आदेश, ते लिहिलंय?”

वायरमनने वाचले. “नाही. पण ते समजून घ्यायचं असतं.”

“मी नाही समजून घेत.” पेन्सिल माझ्या झाकणावर करकरली. चिठ्ठीखाली त्यांनी लिहिले: ‘पुढील आदेश. दिवे सकाळी सहापर्यंत.’ आणि खाली दणदणीत सही केली.

“काकू, तुमची सही चालत नाही हो.”

“ज्याची चालते त्याला शोधून आण. तो सापडेपर्यंत माझी चालेल.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाणार नाही. चौदा महिने दिवे बंद ठेवलेस तेव्हा कुणाला पत्ता लागला नाही. लावल्यावर कोण बघायला येतंय? आणि आलाच कुणी, तर म्हणावं, खाणावळवाल्या म्हातारीनं दमदाटी केली. मी कबूल करीन. माझ्याकडं चौघांच्या पोटाचा प्रश्न आहे, बाबा.”

वायरमन उभाच राहिला. एकदा त्याने वही उघडली, एकदा मिटली. मग त्याने खिशातून पेचकस काढला आणि माझी दुसरी खुंटी दहावरून उचलून सहावर आणली. वहीत त्याने काय लिहिले ते मला ठाऊक नाही. त्यानंतर त्याला चहा मिळाला, आणि बरोबर उकडलेली दोन अंडीही.

त्या संध्याकाळी मास्तरीण रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्यांना, म्हणजे न येणाऱ्यांना, विचारू लागली. परत आल्यावर तिने काकूंना सांगितले, “ती उंच सिस्टर म्हणाली, गल्ली काळोखी दिसली की आम्ही समजायचो खाणावळ बंद. मध्ये पाच दिवस दिवे दिसले तेव्हा आलो. पुन्हा गेले तेव्हा वाटलं, म्हातारीला झेपलं नाही.”

“म्हातारीला?” काकू म्हणाल्या. “येऊ दे तिला. बघते.”

दोन दिवसांनी निरीक्षक आले. पुढच्या दाराशी खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसत आणि दोन्ही दारांची माणसे मोजत. पहिल्या रात्री सव्वीस भरली. दुसऱ्या रात्री चौतीस. तिसऱ्या रात्री अडीचला भट्टीवाले आठ जण एकदम शिरले, दार आठ वेळा आपटले आणि बोळभर पीठ उडाले. त्या रात्री एकोणचाळीस. बेरीज नव्याण्णव, सरासरी तेहतीस. निरीक्षकांनी सही केली, एक वाटी सूप मागून घेतले आणि विचारले, “काकू, काय जादू केलीत?”

“दिवा लावला,” काकू म्हणाल्या.

मी शंकेखोर आहे, म्हणून हिशेब पुरा मांडतो. साथीपूर्वी अकरा ते पाच या वेळात दोन्ही दारांनी मिळून सत्तरच्या आसपास माणसे येत. आता चाळीसच्या आसपास येतात. उरलेली तीस दिव्यांमुळे गेली नव्हती. छापखान्याची रात्रपाळी निम्मी झाली आहे. काहींना खरोखरच घरबसल्या जेवण मिळते आणि ते त्यांना आवडते. पुस्तके बांधणारे आजोबा साथीच्या दुसऱ्या महिन्यात गेले. माझ्या झाकणावर टिचकी मारून मला कोणी जागे आहात ना असे विचारत नाही, आणि त्याला कोणताही आदेश लागू नाही. हे नुकसान खरे आहे, ते मी लपवत नाही. पण ते मी माझ्या अंगावरही घेत नाही.

वायरमन म्हणतो, वर्षभरात माझ्या जागी एक काचेचा डोळा येणार आहे. अंधार पडला की तो दिवे लावील आणि उजाडले की मालवील. खुशाल येऊ दे. त्याला अंधार दिसेल, चिठ्ठी वाचता येणार नाही. एका परीने बरेच होईल. मला भंगारात टाकायचे तर टाका. पण टाकताना कोणी ‘टायमर बिघडला होता’ असे लिहील, तर ते असत्य असेल. मी बिघडलो नव्हतो. चौदा महिन्यांत मी एकदाच चुकलो, सलग पाच रात्री, आणि त्याच पाच रात्री गल्लीत माणसे होती.

मित्रांनो, संकटात घाईघाईने पुष्कळ खुंट्या सरकवाव्या लागतात. त्याला इलाज नसतो. पण संकट गेल्यावर त्या आपण होऊन परत येत नाहीत. ज्याने सरकवली त्याने स्वतःच्या हाताने परत आणावी. तो हात सापडत नसेल, तर ज्याच्या दारासमोर अंधार आहे त्याने आणावी. यंत्राकडून समंजसपणाची अपेक्षा ठेवू नका. आम्ही सांगितलेले ऐकतो, एवढाच आमचा गुण आहे.

शहराची रात्र मेली नव्हती. लोक फारसे घाबरलेही नव्हते. मागचे दार दहानंतर आपटत नव्हते, कारण गल्लीतल्या अकरा दिव्यांना दहानंतर वीज मिळत नव्हती. आणि ती मी तोडत होतो.